बर्फात पीक डिस्ट्रिक्टचे पक्षी बघायचे तर धरण आधी, मूर नंतर

मँचेस्टर, शेफील्ड, लीड्सकडच्या मराठी पक्षीवेड्यांचं दर हिवाळ्यात एकच रडगाणं असतं. पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर बर्फ पडल्याचे फोटो फिरू लागले की शनिवारी पहाटे गाडी काढायची, थेट स्नेक पास नाहीतर होम मॉस गाठायचा, मूरवर, म्हणजे वरच्या उघड्या, झाडं नसलेल्या पठारावर, गुडघाभर बर्फात तंगडतोड करायची आणि दोन रेड ग्राउज (मूरवरचे तितरासारखे पक्षी) आणि बधिर बोटं घेऊन घरी यायचं. मग ग्रुपवर निकाल जाहीर होतो, ‘हिवाळ्यात इथे काही नसतं.’

असतं. पण बर्फ पडला की पक्षी खाली उतरतात आणि आपण नेमके वर जातो. गोल्डन प्लोव्हर आणि कर्ल्यू हिवाळ्याआधीच मूर सोडून सखल शेतांकडे आणि किनाऱ्याकडे गेलेले असतात. रिंग औझल तर स्पेन-मोरोक्कोच्या डोंगरांत पोचलेला असतो. मागे उरतात हेदर (मूरवरचं खुरटं झुडूप) खाऊन जगणारे ग्राउज, काही शिकारी पक्षी आणि रेव्हन. बाकीची वर्दळ धरणाच्या उघड्या पाण्यावर, ओढ्याकाठी आणि झाडीत असते.

म्हणून दिवसाचा क्रम असा ठेवायचा: सकाळी धरण, मग ओढा आणि झाडी, भरदुपारी मूरचा काठ, आणि उजेड जायच्या आत परत पाण्यापाशी. खालचं सगळं डार्क पीकसाठी, म्हणजे डरवेंट खोऱ्यातली लेडीबावर, डरवेंट आणि हाउडन ही तीन धरणं आणि त्यांच्यावरची हेदरची पठारं यांच्यासाठी लिहिलं आहे. पेनाइन्समधल्या इतर धरणांनाही हाच क्रम लागू पडतो.

## टप्पा १: आदल्या रात्री दिवस ठरवा

बर्फ पडत असतानाचा दिवस बाद. तेव्हा दिसत काही नाही आणि पक्षीही आडोशाला बसलेले असतात. चांगला दिवस म्हणजे बर्फ थांबल्यानंतरचा दुसरा किंवा तिसरा, वारा मंद आणि आकाश मोकळं असलेला. तोवर मुख्य रस्त्यांवर मीठ पडलेलं असतं, लहान जलाशय गोठलेले असतात आणि तिथली बदकं मोठ्या पाण्यावर गोळा झालेली असतात.

बर्फ वितळू लागतो तो दिवसही वाया घालवू नका. पीकमधले माउंटन हेअर हिवाळ्यात पांढरे होतात (इंग्लंडमध्ये हे ससे फक्त इथेच आहेत), आणि अर्धवट वितळलेल्या तपकिरी उतारावर ते लांबूनही उठून दिसतात. संपूर्ण पांढऱ्या बर्फात मात्र त्यांच्या कानांची काळी टोकं तेवढी शोधावी लागतात.

अंदाज बघताना शहराचा बघू नका. मेट ऑफिस पीक डिस्ट्रिक्टसाठी वेगळा डोंगरी अंदाज देतं. त्यात तीन गोष्टी वाचा: वरच्या उंचीवरचा वारा, ढगांचा तळ किती मीटरवर आहे, आणि शून्य अंशाची पातळी. इथलं सगळ्यात उंच ठिकाण किंडर स्काउट ६३६ मीटर आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने टेकडीच. म्हणून माणसं गाफील राहतात. पण दर शंभर मीटरला साधारण अर्धा-पाऊण अंश उतरतो आणि वर वाऱ्याला अडवायला एक झाड नसतं. शेफील्डला २ अंश आणि झुळूक असेल तर वर उणे तापमान आणि डोळ्यांत पाणी आणणारा वारा धरून चला.

डिसेंबरअखेर सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. हातात जेमतेम साडेसात तास, त्यातही दरीत ऊन उशिरा पोचतं.

तपासा: ढगांचा तळ ५०० मीटरच्या खाली आहे? मग मूर आजच्या यादीतून काढा, धरण आणि झाडी ठेवा. जायचंच रद्द करण्याची गरज नाही.

## टप्पा २: रस्ता

‘ए-५७ बंद’ असं वाचून पुष्कळ जण बेत मोडतात. बहुतेक वेळा बंद असतो तो लेडीबावर ते ग्लॉसॉप हा स्नेक पासचा तुकडा. शेफील्डकडून लेडीबावरला येणारा भाग त्यापेक्षा लवकर मोकळा होतो. सूचना नीट वाचा, कोणत्या टोकापासून कोणत्या टोकापर्यंत बंद आहे ते बघा.

मँचेस्टरकडच्यांनी अशा दिवशी गाडीचा हट्ट सोडावा. होप व्हॅली मार्गावरची गाडी पकडून बॅमफर्डला उतरा. लेडीबावरचं धरण तिथून सुमारे तीन किलोमीटर, चालत जाण्यासारखं. स्वतःची गाडी असेल तर नकाशाचं ॲप काय म्हणतं त्यावर विसंबू नका. जवळचा रस्ता म्हणून ते विनॅट्स पासच्या खड्या चढावर नेऊन सोडतं आणि बर्फात तिथे गाड्या आडव्या होतात.

गाडी लावताना तोंड बाहेरच्या दिशेला. शेताच्या फाटकासमोर लावू नका, आणि अरुंद रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या ट्रकला जायला जागा राहील असं बघा. डिकीत फावडं, घोंगडी आणि जास्तीचं पाणी हवं. परतीची वेळ आणि जागा घरी कुणाला तरी सांगून निघा. ‘पीकला जातोय’ एवढं पुरत नाही. कुठल्या वाहनतळापासून कुठपर्यंत जाणार ते सांगा.

## टप्पा ३: पिशवी आणि अंगावरचे कपडे

चालणाऱ्याला थंडी वाजत नाही, उभं राहणाऱ्याला वाजते. पक्षी बघणारा माणूस दुर्बिणीमागे वीस-वीस मिनिटं निश्चल असतो, त्यामुळे ट्रेकची यादी इथे अपुरी पडते.

अंगाला चिकटून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर ठेवा. सुती बनियन घामाने ओला झाला की दिवसभर ओलाच राहतो. चढताना जाड जॅकेट काढून पिशवीत टाका आणि थांबल्या थांबल्या, थंडी वाजायच्या आधी, चढवा. हातमोज्यांच्या दोन जोड्या घ्या: आत पातळ, ज्याने फोकसचं चाक फिरवता येईल, आणि वर जाड, बोटं एकत्र ठेवणारे. पायमोज्यांच्या बाबतीत उलट. दोन जाड मोजे कोंबले की बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि पाय जास्तच गार पडतो. एकच चांगला लोकरीचा मोजा पुरे. बर्फ बुटात शिरू नये म्हणून गेटर आणि निसरड्या वाटेसाठी बुटांवर चढवायचे छोटे खिळेपट्टे.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू म्हणजे फोमच्या चटईचा एक तुकडा. धरणाच्या काठावर त्यावर उभे राहा. पायांतून चढणारी थंडी निम्मी होते.

खाणं असं हवं की हातमोजे न काढता तोंडात टाकता येईल. डिंकाचा किंवा शेंगदाण्याचा लाडू उत्तम, गुंडाळलेली गूळपोळीही चालते. चिक्की मात्र घरी ठेवा. शून्याखाली ती अशी कडक होते की दाताच्या डॉक्टरकडे जायची वेळ यावी. चहाचा थर्मास हवाच, पण अर्धा सकाळी संपवू नका.

याशिवाय ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ओएस) एक्सप्लोरर मालिकेतला ओएल-१ हा डार्क पीकचा कागदी नकाशा, होकायंत्र, डोक्याला बांधायचा दिवा आणि शिट्टी. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. बाहेर ठेवला तर थंडीने ४० टक्क्यांवरूनही झटकन बंद पडतो. निघण्याआधी ‘register’ हा शब्द ९९९ वर एसएमएस करून आपत्कालीन संदेशसेवेत नाव नोंदवून ठेवा. जिथे बोलणं होत नाही तिथून कधीकधी संदेश जातो.

### दुर्बीण धुकट होते ती का

घरातून गरम गाडीत, गाडीतून थंडीत, परत गरम गाडीत, या येरझाऱ्यांमुळे. गार काचेवर उबदार दमट हवा लागली की बाष्प जमतं. दुर्बीण आणि स्कोप (तिपाईवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) डिकीत ठेवा, म्हणजे पोचेपर्यंत बाहेरच्या तापमानाला आलेले असतात. दिवसभर दुर्बीण जॅकेटच्या बाहेर लटकवा, आत घालू नका. मफलर तोंडावरून असा बांधू नका की श्वास वर जाऊन आयपीसवर बसेल. काचेवर बर्फ पडला तर फुंकर मारू नका. तोंडची वाफ तिथल्या तिथे गोठते. हवा मारायच्या रबरी फुग्याने (ब्लोअरने) किंवा मऊ ब्रशने झटका.

नवी खरेदी करणाऱ्यांसाठी एवढंच: थंडीने हात थरथरतात, तेव्हा १० पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीपेक्षा ८ पटीची, ८×४२ बरी.

## टप्पा ४: धरण

सकाळचा पहिला दीड-दोन तास इथे द्या.

कुठे उभं राहायचं. हिवाळ्यात इथला सूर्य भरदुपारी क्षितिजावर १३ अंशांच्या आसपासच चढतो आणि दिवसभर दक्षिणेकडेच असतो. उत्तर काठावर उभं राहिलात की समोर फक्त चकाकतं पाणी आणि काळ्या आकृत्या. डरवेंट खोरं उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतं, त्यामुळे तिन्ही जलाशयांच्या भिंती दक्षिण टोकाला आहेत. भिंतीपाशी उभं राहून उत्तरेकडे बघितलं की उजेड तुमच्या पाठीशी येतो.

भिंतीपाशी थांबण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. पृष्ठभाग गोठण्याआधी खालपर्यंतचं सगळं पाणी त्या तापमानाला यावं लागतं. उथळ वरचं टोक आणि कडेचे कोपरे आधी गोठतात, भिंतीलगतचं खोल पाणी शेवटी. ओढा जिथे येऊन मिळतो तिथेही एक पट्टा उघडा राहतो. बर्फाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी जलाशयावरची सगळी बदकं या दोनच जागी सापडतात. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने माणसं गोठलेल्या वरच्या टोकाशी तासभर घालवतात.

कसं बघायचं. भिगवणला शिकलेली मंडळी इथे एक सवय घेऊन येतात: पाण्याकडे जायचं, जवळ जायचं. इथे नाव नाही आणि नावाडीही नाही. उघडं पाणी थोडं असताना जवळ जाणं पक्ष्यांच्या जिवावर बेततं. भिंतीच्या कठड्याआड किंवा झाडाला टेकून थांबा आणि स्कोप वापरा.

डावीकडून उजवीकडे सावकाश एक फेरी मारा. मग लगेच दुसरी. कारण शेंडीबदक, गोल्डनआय, गूसँडर हे सगळे डुबकी मारणारे. गोल्डनआय अर्धा मिनिट सहज पाण्याखाली राहतो, त्यामुळे पहिल्या फेरीत थव्यातले काही जण दिसतच नाहीत. प्रत्येक फेरीत एकच जात मोजा. ‘एकदाच सगळं’ मोजणाऱ्यांचे आकडे कधी जुळत नाहीत.

ही धरणं खोल आहेत आणि पीटमधून (कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली मातीतून) येणारं पाणी आम्ल, अन्नाला गरीब. उजनी-जायकवाडीसारखे हजारोंचे थवे मनात धरून आलात तर निराशा होईल. मॅलार्ड, थोडे चक्रांग, शेंडीबदकं, गूसँडर, एखाद-दुसरा गोल्डनआय, पाणकावळे आणि टिबुकली एवढं दिसलं तर सकाळ चांगली गेली म्हणायची.

बर्फात ओळख कुठे चुकते. बर्फावरून परतलेला उजेड पक्ष्याला खालून उजळतो. एरवी सावलीत असणारं पोट आणि पंखांखालची बाजू पांढरीफटक दिसते. साधा बझर्ड अशा उजेडात इतका फिकट वाटतो की दर हिवाळ्यात कुणीतरी त्याला रफ-लेग्ड बझर्ड म्हणून जाहीर करतं. शेपटी बघा: रफ-लेग्डच्या शेपटीचा बुंधा स्वच्छ पांढरा आणि टोकाला गडद पट्टा असतो. दुसरीकडे, शुभ्र वाटणारे पक्षी बर्फाशेजारी मळकट दिसतात. गूसँडरच्या नराचं अंग दुधी-गुलाबी झाक मारतं, आणि तो चोच पाठीत खुपसून तरंगत्या बर्फाच्या कडेला झोपला असेल तर नुसता बर्फाचा गोळा वाटतो. शेजारी बसलेल्या मादीचं विटकरी डोकं आधी दिसतं. ती दिसली की तिच्या आजूबाजूचे ‘गोळे’ पुन्हा तपासा.

इशारा: गोठलेल्या जलाशयावर पाऊल ठेवू नका, किती जाड दिसला तरी. धरणाची पातळी खालीवर होते आणि बर्फाखाली पोकळी तयार होते. मुलाचा हात धरा, कुत्र्याला दोरी लावा. कुत्रा आत पडला तरी त्याच्यामागे जाऊ नका.

इशारा: बदकांनी खाणं थांबवून माना वर केल्या की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच थांबा किंवा मागे सरका. सलग कडाक्याची थंडी पडली तर ब्रिटनमध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीवरही बंधन येतं: सात दिवसांनंतर शिकाऱ्यांना स्वेच्छेने आवर घालायला सांगतात आणि चौदा दिवसांनंतर कायद्याने बंदी घालता येते. बंदूकवाल्यांना जे लागू, ते दुर्बीणवाल्यांनी आपणहून पाळावं.

सगळंच गोठलं असेल तर? दक्षिणेला, कमी उंचीवर कार्सिंग्टनचा मोठा जलाशय आहे. वरची बदकं तिकडे सरकतात आणि हिवाळ्यात तिथे ग्रेट नॉर्दर्न डायव्हर मिळण्याची शक्यताही असते. सरळ तिकडे जा.

## टप्पा ५: ओढा आणि झाडी

फेअरहोम्सचा वाहनतळ डरवेंट धरणाच्या भिंतीखालीच आहे, शौचालयही आहे. पायांत रक्त खेळवायला इथून काठाकाठाने चालायला लागा.

ओढ्यावर डिपर शोधायचा. कोंबडीच्या पिलासारखा गुबगुबीत, चॉकलेटी, छातीवर पांढरा रुमाल लावल्यासारखा. तो भर थंडीतही गातो, पण आवाज पाण्याच्या खळखळाटात मिसळतो. म्हणून वाहत्या पाण्याकडे न बघता पाण्यातल्या दगडांकडे बघा. ज्या दगडावरचा बर्फ मधोमध विरघळून पांढऱ्या विष्ठेचे डाग पडलेत, तो त्याचा बसायचा दगड. दहा मिनिटं लांब थांबा. तो येतो, गुडघ्यांत दोनचार बैठका काढतो आणि बर्फाच्या कडेखाली पाण्यात सरळ चालत जातो. वर येतो तेव्हा पाठीवर थेंबही टिकलेला नसतो आणि चोचीत किडा असतो.

झाडीत शिरल्यावर लोक लगेच वर बघतात. आधी खाली बघा. ताज्या बर्फाचा हा फायदा वर्षात थोडे दिवसच मिळतो. ऑल्डरच्या झाडाखाली बर्फावर तपकिरी बियांची भुकटी सांडली असेल तर वर सिस्किन किंवा रेडपोल लटकलेले आहेत. स्प्रूस-लार्चखाली शंकूंचे खवले आणि अख्खे शंकू पडलेले दिसले तर क्रॉसबिल. ते वर निमूटपणे खात असतात, उडताना मात्र ‘चिप-चिप’ करतात. पक्ष्यांची पिसं एका जागी वर्तुळात पसरली असतील तर तिथे स्पॅरोहॉक किंवा गॉसहॉक जेवून गेला आहे. हॉलीच्या लालभडक फळांनी लगडलेल्या एकट्या झाडावर बहुतेक मिसल थ्रश मालकी गाजवत असतो. तो खडखड आवाज करत फील्डफेअर आणि रेडविंगांना हुसकावतो. ही भांडणं बघायला लांबून अर्धा तास काढला तरी वेळ सत्कारणी लागतो.

झऱ्यांच्या जागा सोडू नका. जमिनीतून येणारं पाणी गोठत नाही, त्यामुळे भोवतीचा चिखल मऊ राहतो आणि चोच खुपसून खाणारे स्नाइप आणि वुडकॉक तिथे येऊन बसतात. पण चिखलात शिरून त्यांना उडवू नका. अशा दिवसांत एका उड्डाणाचा खर्च त्यांना परवडत नाही.

तपासा: बाराच्या आत पायमोजे कोरडे आहेत का, चहा उरला आहे का, ढग चढलेत की उतरलेत? तिन्ही उत्तरं बरी असतील तरच वर.

## टप्पा ६: मूरचा काठ

काठ म्हणतो आहे, पठार नव्हे. बर्फात किंडर किंवा ब्लीक्लोच्या मधल्या भागात शिरण्यासारखं पक्ष्यांच्या दृष्टीने काहीच नाही. तिथे पीटमध्ये माणूसभर खोल घळी आहेत. वाऱ्याने त्या बर्फाने भरतात, वरून सपाट दिसतात आणि पाय छातीपर्यंत आत जातो.

शेफील्डकडून येताना ए-५७ वरच्या कटथ्रोट ब्रिजपासून वर जाणारी वाट सोयीची. हेदर लगेच सुरू होतं आणि गाडीही फार लांब राहत नाही. १२ ते दीड एवढाच वेळ द्या. दीड वाजता जिथे असाल तिथून फिरा, समोर काहीही दिसत असलं तरी. दुपारच्या उतरणीला वितळलेली वाट पुन्हा गोठते आणि घसरून मनगट मोडायची वेळ हीच.

रेड ग्राउज इथे हमखास. त्याचे युरोपातले भाऊबंद हिवाळ्यात पांढरे होतात, ब्रिटनमधला हा मात्र बर्फातही तांबूस-तपकिरीच राहतो. आधी ठसे बघा. त्याच्या बोटांवर पिसं असतात, त्यामुळे ठसा रेखीव न उमटता पुसटसा, फेंगडा उमटतो. हेदरच्या झुडपाशेजारी बर्फात उकरलेलं भगदाड आणि बाजूला वाकड्या, तुसाच्या विष्ठेचा ढीग असेल तर पक्षी तिथेच रात्र काढून गेला आहे. झुडपांत न शिरता वाटेवरूनच चला. पायाखालून ‘गो-बॅक, गो-बॅक’ करत उडाला तर दचकायला होतं, आणि त्यालाही भर थंडीत उगाच लांब उडावं लागतं. शिकारीचा हंगाम १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर जाणार असाल तर बंदुकांचे आवाज आणि फलक बघून वाट बदला.

आता एका दगडाच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून, चटईवर बसा आणि क्षितिज चाळा. रेव्हन जानेवारीपासूनच जोडीने कसरती करतो, उडता उडता क्षणभर उलटा होतो. बहिरी ससाणा कड्यालगत दिसू शकतो. आखूड कानाचं घुबड दिवसाउजेडीही शिकार करतं, पण गवत बर्फाखाली गेलं की उंदीर मिळत नाहीत आणि ते खाली निघून जातं. म्हणून जाड बर्फात त्याची वाट बघत बसू नका. हेदरवरून अगदी खालून, पंख उथळ ‘व्ही’सारखे धरून तरंगत जाणारा पांढऱ्या कमरेचा तपकिरी पक्षी दिसला तर ती हेन हॅरियरची मादी किंवा पहिल्या वर्षाचा तरुण पक्षी. आपल्याकडच्या गवताळ माळांवर भोवत्या बघितलेल्यांना ही चाल लगेच ओळखू येईल.

इशारा: कड्यांच्या टोकावर वाऱ्याने बर्फाचे सज्जे बाहेर येतात. त्यांच्याखाली दगड नसतो. स्टॅनेज असो की डरवेंट एज, कडेपासून चांगले लांब राहा.

इशारा: सोबतचा माणूस अडखळू लागला, बोलणं जड झालं, किंवा मघापासून कुडकुडत होता आणि एकाएकी कुडकुडणं थांबलं, तर तो बरा होत नाहीये, बिघडतोय. आडोसा, कोरडे कपडे, शुद्धीत असेल तर गोड गरम पेय, आणि मदत. ९९९ ला फोन लावून आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. दिव्यानेही हाच इशारा देता येतो.

## टप्पा ७: शेवटचा तास पुन्हा पाण्यापाशी

तीनच्या सुमारास गल (कुरव) पक्षी झोपायला जलाशयांवर येऊ लागतात. मोठे मुक्काम खालच्या पाण्यांवर असतात. चेस्टरफील्डजवळचं ऑगस्टन त्यासाठी पक्षीनिरीक्षकांत प्रसिद्ध आहे. पण गाडीजवळच्या कुठल्याही धरणावर हा तास घालवता येतो.

गल ओळखताना नाकी नऊ येतात त्यांच्यासाठी गोठलेलं पाणी वरदान आहे. एरवी पाण्याखाली लपणारे पाय बर्फावर उघडे पडतात. हेरिंग आणि ग्रेट ब्लॅक-बॅक्डचे पाय गुलाबी, लेसर ब्लॅक-बॅक्डचे पिवळे, कॉमन गलचे हिरवट-पिवळे, ब्लॅक-हेडेडचे लालसर. आधी पाय, मग पाठीचा रंग, मग चोच या क्रमाने जा. पंखांच्या टोकांना अजिबात काळं नसलेला पक्षी दिसला तर तो आइसलँड किंवा ग्लॉकस असू शकतो. पण उडून पंख पूर्ण उघडेपर्यंत नाव घेऊ नका. मावळतीच्या उजेडात आणि बर्फावर सगळेच फिकट दिसतात.

फोटो काढणाऱ्यांनी एक्स्पोजर +१ ते +१.७ ठेवावं. नाहीतर कॅमेरा बर्फाला राखाडी करून टाकतो आणि पक्षी कोळसा होतो. उडता शुभ्र पक्षी टिपताना मात्र ते खाली आणा.

## टप्पा ८: घरी आल्यावर

कॅमेरा, दुर्बीण बंद पिशवीत ठेवूनच घरात आणा आणि तासभर उघडू नका, म्हणजे बाष्प पिशवीवर जमेल, काचेवर नाही.

नोंद त्याच रात्री बर्डट्रॅक किंवा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळांवर घाला. ‘बर्फ, वरचं टोक गोठलेलं, भिंतीपाशी उघडं’ अशी एक ओळ जोडली तर आकड्यांना अर्थ येतो. काहीच न दिसलेल्या जागेचीही यादी भरा.

मेलेला पक्षी सापडला असेल तर हात लावलेला नसावा. बर्ड फ्लूमुळे तशी माहिती डेफ्रा या सरकारी पर्यावरण खात्याला कळवायची असते. आणि हेन हॅरियर दिसला असेल तर जागा, वेळ, फोटोमागची ओळखू येणारी टेकडी यांतलं काहीही ग्रुपवर टाकू नका. या भागात शिकारी पक्ष्यांना मारण्याचे गुन्हे झालेले आहेत. त्यांच्या रात्रीच्या मुक्कामाची जागा एकदा फुटली की ती परत लपवता येत नाही. ई-बर्डवर काही संवेदनशील जाती आपोआप झाकल्या जातात, पण व्हॉट्सॲपवर काहीच झाकलं जात नाही. नोंद थेट जिल्ह्याच्या पक्षी-नोंदणी प्रतिनिधीकडे पाठवा.